परचुरेबाई, तक्रार विभाग

परचुरेबाई तक्रारीला आलेला बूट हातात घेतला की आधी उलटा करायच्या आणि टेबलावर ठाणकन आपटायच्या. आतून जे काही पडेल ते बोटाने पसरून बघायच्या. त्यासाठी टेबलाला मुद्दाम पांढरा सनमायका लावून घेतला होता. एकदा एक निवृत्त बँक अधिकारी आले. म्हणाले, "बाई, हे बूट मी फक्त घरात घातले. ट्रेडमिलवर. तरी शिवण उसवली."

बाईंनी बूट आपटला. थोडी वाळलेली काळी माती पडली आणि तिच्यामागून मक्याचा एक भाजलेला दाणा. बाईंनी तो दोन बोटांत धरून खिडकीच्या उजेडात पाहिला.

"आपली ट्रेडमिल खडकवासल्याला असते का?"

"म्हणजे?"

"म्हणजे कणीस तिथलं दिसतंय. धरणाच्या काठाला चिखलात उतरलात, घरी येऊन बूट नळाखाली धरलेत, मग गच्चीत उन्हात ठेवलेत. शिवणीने आणखी काय करावं?"

"तुम्ही मला खोटारडा म्हणताय."

"मी कुठे म्हटलं? दाणा म्हणतोय. मी फक्त ऐकून सांगितलं."

गृहस्थ बूट काखेत मारून निघून गेले. मी दाराशी उभा राहून हे पाहत होतो, कारण तिकीट न काढता असा प्रयोग पुण्यात दुसरीकडे कुठे लागत नव्हता. बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "जाहिरातवाले, आपल्याला काम नाही का?" बाई 'अहो' म्हणत असतील तोवर माणसाला थोडी आशा असे. 'आपण' सुरू झालं की सरळ घरी जावं.

ही कंपनी म्हणजे 'चौखूर शूज'. मध्यंतरी बाहेरच्या एका बड्या समूहाने चौखूरचं नाव विकत घेतलं आणि नव्या दुकानाच्या भिंतीवर कंपनीचा इतिहास रंगवला. संस्थापकांचा फोटो, जुनं शिलाई मशीन, फीत तोडणारा धावपटू, सगळं आहे. मजकूर मीच लिहून दिला. त्यात बाईंवरचा एक परिच्छेद मी घातला, समूहवाल्यांनी काढला, मी पुन्हा घातला, त्यांनी पुन्हा काढला. शेवटी त्यांच्या ऑफिसातल्या एका मुलीने फोनवर गोड आवाजात सांगितलं, "सर, त्या मॅडम जरा निगेटिव्ह वाटतात." तिचं काही चूक नव्हतं. बाई अंतर्बाह्य निगेटिव्ह होत्या. पण त्या भिंतीवरून कंपनी कशी मोठी झाली एवढंच कळतं. ती खरं कधी बोलली ते कळत नाही, आणि ती एकदाच बोलली. बाई गेल्या वर्षी वारल्या, तेव्हा आता मला अडवणारं कोणी नाही. त्या असत्या तर त्यांनीच अडवलं असतं.

खडकीला रेल्वे लाइनच्या पलीकडे पत्र्याच्या शेडमध्ये भाऊसाहेबांनी कंपनी सुरू केली. आधी शाळेच्या पीटीचे पांढरे कॅनव्हासचे बूट, मग हळूहळू मैदानावरचे. भाऊसाहेबांना घोड्यांचं वेड. म्हणून नाव चौखूर आणि डब्यावर चारही पाय हवेत असलेला घोडा. यावर बाईंचं एक कायमचं मत होतं: "गिऱ्हाइकाला पाय दोन. नावापासूनच बनवाबनवी."

त्या स्वतः कंपनीत आल्या त्या भांडायला. कॉलेजात असताना धाकट्या भावाचे फाटलेले बूट पिशवीत घालून शनिवार पेठेतून सायकल हाणत खडकीला गेल्या आणि थेट भाऊसाहेबांसमोर पिशवी उलटी केली. भाऊसाहेब म्हणाले, "भाऊ पाण्यात गेला असेल तुमचा." बाई म्हणाल्या, "पाण्यात चालत नाहीत हे डब्यावर लिहा. जागा नसेल तर घोडा काढा." भाऊसाहेबांनी चहा मागवला आणि नोकरी देऊ केली. पुढे ते सगळ्यांना सांगत, "ही बाई टेबलाच्या पलीकडे परवडणारी नव्हती."

टेबलाच्या अलीकडे आल्याबरोबर बाईंची निष्ठाही अलीकडे आली. त्यांच्या लेखी बूट निर्दोष आणि ग्राहक गुन्हेगार. धुतले का, उन्हात वाळवले का, दुसऱ्याला घालायला दिले का, हे तीन प्रश्न त्या अशा विचारत की प्रामाणिक माणूससुद्धा एकदा तरी चाचरे. एक तरुण रडकुंडीला येऊन म्हणाला होता, "मॅडम, मी बूट घालून फक्त चाललो." बाई म्हणाल्या, "ते धावायचे होते. चुकीचा वापर." दोष कंपनीचा, असं त्यांनी कोणालाही कधीही सांगितलं नव्हतं आणि त्याचा त्यांना उघड अभिमान होता.

आमचं दोघांचं पहिल्या आठवड्यापासून वाकडं. मी जाहिराती लिहायचो, म्हणजे त्यांच्या मते ग्राहकांना खोटं बोलायला शिकवायचो. "तुम्ही लिहिता, वाऱ्यावर स्वार व्हा. तो होतो. पडतो. मग माझ्याकडे येतो. तुमच्याकडे पाठवू का?" मीही काही संत नव्हतो. त्यांच्या दारावरच्या 'तक्रार विभाग' या पाटीखाली मी एकदा खडूने 'आपल्याविरुद्ध' असं लिहून वर बाण काढला होता. तो बाण त्यांनी पुसला नाही. ग्राहक थोडे तरी बिचकतात म्हणून राहू दिला.

भाऊसाहेबांनंतर त्यांचे चिरंजीव, आमचे धाकटे साहेब, परदेशातून शिकून आले. त्यांनी 'पवन' काढला. पवन म्हणजे चौखूरचा सगळ्यात महाग बूट, मऊ, फेसासारख्या हलक्या सोलचा. चाचणीचं एक मशीन तो सोल दिवसरात्र वाकवत बसलं होतं. सिंहगड रस्त्यावर पळणारी मुलं तो घालून झिजवत होती. झिजला, पण फाटला नाही. मी ओळ लिहिली, 'पायाला कळणारही नाही.' बाई म्हणाल्या, "पायाला कळेनासं झालं की आमच्याकडे डॉक्टरला दाखवतात." तरी पवन खपला, जोरात खपला. त्या दिवाळीत प्रत्येक कर्मचाऱ्याला एकेक जोड भेट मिळाला. पहिल्या जोडाला साहेबांच्या आईंनी हळदकुंकू वाहिलं आणि तो रिसेप्शनमध्ये काचेच्या पेटीत विराजमान झाला.

काही वर्षं बरी गेली. मग विचित्र तक्रारी यायला लागल्या. सोल झिजला नव्हता, फाटला नव्हता, त्याचा चुरा झाला होता. पहिल्या दोन-तीन बाईंनी उंदरांच्या नावावर खपवल्या. आणि एका सकाळी रोशनी भोयर आली.

बावीस-तेवीस वर्षांची, सडपातळ, गुडघ्यावर खपली धरलेली मुलगी. तिचे वडील वर्ध्याकडून येऊन खडकीच्या दारूगोळा फॅक्टरीत लागलेले. तिने पवनचा डबा टेबलावर ठेवला. बाईंनी उजवा बूट उचलला, उलटा केला, आपटला. आतून काहीच पडलं नाही. पडला तो सोल. शिळ्या नानकटाईसारखा त्याचा भुगा सनमायकावर पसरला.

"धुतले का?"

"नाही मॅडम."

"उन्हात वाळवले?"

"नाही."

"कोणाला घालायला दिले?"

"नाही जी. मीच घातले नाहीत तर दुसऱ्याला कशाला देईन?"

बाईंची मान वर झाली. "घातले नाहीत म्हणजे?"

"एकदाच घातले. पोलीस भरतीच्या दिवशी. बाबांनी मी अकरावीत ग्राउंडला जायला लागले तेव्हा घेऊन दिले होते. सराव मी साध्या बुटांवर केला. हे भरतीसाठी ठेवले होते. आईने प्लास्टिकच्या पिशवीत घालून, गाठ मारून, दिवाणात."

"धावायचे बूट दिवाणात? पैठणी आहे का ती?"

"चांगली वस्तू आमच्याकडे आधी वापरत नाहीत, मॅडम."

तिने पुढचं सांगितलं ते आवाज न चढवता. आठशे मीटर. ती दुसरी होती. शेवटच्या वळणावर उजव्या पायाखालून काहीतरी निसटलं आणि ती तोंडावर आपटली. उठून पोचली तेव्हा वेळ गेली होती. नापास.

"पैसे परत हवेत का?" बाईंनी विचारलं.

"नाही. बाबा म्हणतात, पोरगी घाबरली. ग्राउंडचे सर म्हणतात, दम संपला म्हणून पडली आणि आता बुटाचं निमित्त करते. पुढच्या भरतीला फी भरू नका म्हणाले बाबांना, लग्नाचं बघा. तुम्ही कंपनीच्या आहात. बूट तुमचा खराब होता, एवढं तुम्ही त्यांना सांगा. बाकी मला काही नको."

मी दारातच होतो. बाईंनी तो भुगा बोटाने पसरून पाहिला आणि पुन्हा एका जागी गोळा केला.  मग म्हणाल्या, "आठ दिवसांनी या. तोवर हे इथे राहू देत."

मुलगी गेल्यावर त्या धाकट्या साहेबांकडे गेल्या आणि पाच मिनिटांत परत आल्या. साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं: कंपनीची चूक हा शब्द बाहेर जाता कामा नये. एकीला म्हटलं की दुकानादुकानांत पडलेला सगळा माल परत घ्यावा लागेल, आणि तेवढं झालं तर चौखूर बसली. ग्राहकाने बूट नीट ठेवला नाही, विषय संपला. शिवाय बाईंच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरलेत, ते गोडीत जावेत, असंही म्हणाले. बाईंना गोडी या शब्दाचा राग असावा.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बूट नीट ठेवण्याची जबाबदारी ग्राहकाचीच कशी, यावर एक छानसं पत्रक हवं होतं. मी दोन ओळी सुचवतोय तोच दार उघडलं. परचुरेबाई. खळ दिलेली सुती साडी, खांद्याला पर्स, आणि पायात कोरेकरकरीत पवन. मी त्यांना इतक्या वर्षांत चपलेखेरीज कशातही पाहिलं नव्हतं.

"बसा ना बाई," साहेब म्हणाले.

"मी जरा चालते."

आणि त्या साहेबांच्या टेबलाभोवती चालायला लागल्या. पहिल्या फेरीत काही झालं नाही. दुसऱ्या फेरीला त्यांच्या मागे गालिच्यावर पिवळट कण दिसायला लागले. तिसऱ्या फेरीला डावा सोल मधोमध दुभंगला, अर्धा मागे राहिला, आणि बाई एका बाजूने बुटक्या होऊन खिडकीपर्यंत जाऊन परत आल्या.

"हे तुम्ही दिवाळीला दिलेले," त्या म्हणाल्या. "मी धुतले नाहीत. उन्हात वाळवले नाहीत. कोणाला घालायला दिले नाहीत. काल रात्रीपर्यंत कपाटात, डब्यात, कागदात गुंडाळून होते. आता माझी चूक काढा."

"पण बाई, तुम्ही ते घातले का नाहीत?"

"चांगले होते म्हणून."

साहेब हसले, म्हणजे हसायचा प्रयत्न केला. "अहो, असं बूट न घालता कोण ठेवतं?"

बाईंनी दार उघडून बाहेर हाक मारली. "पाटील, तुमचा दिवाळीचा पवन कुठेय?" आमचे शिपाई पाटील म्हणाले, "माळ्यावर, बाई. पोराच्या लग्नात घालणारे." हिशेबनीस गोखले म्हणाले, काशीयात्रेसाठी ठेवलेत. टेलिफोनवरच्या बाई म्हणाल्या, जावयाला द्यायचेत. मग परचुरेबाई माझ्याकडे वळल्या. "आणि आपले, जाहिरातवाले?" मी गालिच्याकडे पाहिलं. माझेही डब्यातच होते. पायाला कळणारही नाही असं मी जगाला सांगितलं होतं, आणि माझ्या पायाला खरोखरच काही कळलं नव्हतं.

"एखादा लॉट खराब असू शकतो," साहेब म्हणाले.

बाई तशाच खाली निघाल्या, एक पाय उंच, एक बुटका. आम्ही मागोमाग. रिसेप्शनमधल्या काचेच्या पेटीचं दार त्यांनी सरकवलं, हळदकुंकवाचा जोड बाहेर काढला, उलटा केला आणि काउंटरवर आपटला. ठाणकन आवाजसुद्धा आला नाही. भस्स झालं. रांगोळीसारखा भुगा पसरला आणि वरचा नुसता कातडी सांगाडा बाईंच्या हातात राहिला.

"भाऊसाहेब असते तर," बाई म्हणाल्या, "मला परत टेबलाच्या पलीकडे उभं केलं असतं. मी तिथेच आहे असं समजा. चौखूरबद्दल माझी तक्रार आहे."

नंतर सोल बनवणाऱ्या कारखान्याचा केमिस्ट आला आणि त्याने दोन वाक्यांत उलगडा केला. हा सोल हवेतली ओल पितो. पायात राहिला, दाबला गेला, तर बरीच वर्षं टिकतो. बंद डब्यात पावसाळ्यामागून पावसाळे पडून राहिला तर आतून कुजतो. आम्ही तो हजार तऱ्हांनी वापरून पाहिला होता. न वापरून कोणी पाहिलाच नव्हता. आणि बूट बनवणारे आम्ही सगळे, चांगलं ते मागे ठेवायचं, अशाच घरांत वाढलेले.

आठव्या दिवशी रोशनी आली. बाईंनी तिला फोन करून सांगितलं होतं, की ज्यांना ज्यांना तुम्ही घाबरलात असं वाटतं त्यांना घेऊन या. तिच्यामागे तिचे वडील आणि ट्रॅकसूटमधले सर उभे होते. धाकटे साहेबही येऊन दारात थांबले. बाईंना थांबवायला आले होते की ऐकायला, हे मला आजही सांगता येणार नाही. बाई खुर्चीतून उठल्या.

"भोयर, तुमची मुलगी पडली नाही. आम्ही पाडली. बूट आमचा खराब होता."

वडील म्हणाले, "पण मॅडम, एवढी मोठी कंपनी..."

"मोठी होती. आता कळेल किती ते." मग त्या सरांकडे वळल्या. "आणि आपण शिकवता. शर्यतीच्या दिवशी मुलगी नव्या बुटात उतरतेय हे आपल्याला दिसलं नाही? आपण शिट्टी वाजवण्याव्यतिरिक्त नक्की काय करता?"

सरांनी गळ्यातली शिट्टी ट्रॅकसूटच्या आत सरकवली.  भोयरांनी टेबलावरचा तो फुटका बूट उचलला, डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि म्हणाले, "चाल, बेटा." एवढंच. पण डबा त्यांनी स्वतः उचलला.

माल परत आला. खडकीच्या गोदामात जिथे पाय ठेवाल तिथे पिवळा भुगा. साहेबांनी टाळलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण चौखूर त्यातून उभी राहिली नाही. अर्धं ऑफिस रिकामं झालं. बाई मात्र निवृत्तीची तारीख उलटूनही येत राहिल्या, कारण उत्तरं द्यायची होती. आता प्रत्येक उत्तरात दोष आमचा असे, पण सूर तोच. एका गृहस्थांना त्यांनी लिहिलं होतं, 'बूट आमचा वाईट होता, क्षमस्व. मात्र तो नवा असताना तुरटीसोबत पत्र्याच्या ट्रंकेत ठेवण्याची कल्पना सर्वस्वी आपली.'

कंपनी विकली जायच्या थोडं आधी, एका दुपारी, रोशनी पुन्हा आली. एकटीच. पुढची भरती होऊन गेली होती. तक्रार विभागात आता टेबल आणि बाई एवढंच उरलं होतं. मी त्यांच्या दाराशी बसून माझी पुस्तकं खोक्यात भरत होतो.

"काय झालं?" बाईंनी विचारलं. "आता कोणाचे बूट फुटले?"

"नाही मॅडम. या वेळी बूट चांगले होते. सहा महिने घालून मुरवलेले. दुसऱ्या कंपनीचे." तिने एक पाय उचलून दाखवला. "थोडक्यात गेलं. वेळात बसले नाही. मीच कमी पडले. ते सांगायला आले. बाबांना सांगितलं, सरांना सांगितलं, म्हटलं तुम्हालाही सांगावं."

परचुरेबाईंच्या टेबलासमोर उभं राहून, न विचारता, असं वाक्य आजवर कोणी बोललं नव्हतं. मी खोक्यातून मान वर काढली.  बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला.

"वय बसतं का अजून?"

"एकदा बसतं."

"फी?"

"बाबा भरणार म्हणाले."

"मग माझ्यापुढे उभी राहून काय करतेस? जा. पळ."

रोशनी हसली आणि खरंच पळाली. लाकडी जिन्यावरून तिची पावलं दणदणत खाली गेली. बाई मान तिरकी करून ऐकत होत्या.

"उजवा पाय बाहेर टाकते," त्या म्हणाल्या. "अहो, बघत काय बसलात? जाऊन सांगा तिला."

मी खोकं सोडून धावलो. जिना उतरलो, अंगण ओलांडलं, फाटकाशी पोचलो तेव्हा मला धाप लागली होती आणि ती रेल्वे लाइनच्या वळणापलीकडे दिसेनाशी झाली होती. कसाबसा जिना चढून वर आलो.

"गाठता आली नाही," मी म्हणालो.

"छान," परचुरेबाई म्हणाल्या.